एम-६०चा दांडा

ताइवानच्या पश्चिम किनाऱ्यालगत, ताइचुंग शहराच्या उत्तरेला दाजिया नावाचं गाव आहे. १९७२ साली जायंट कंपनीने सायकली बनवायला इथूनच सुरुवात केली. पुढे आसपासच्या भातखाचरांच्या कडेने लहान लहान वर्कशॉपं वाढत गेली. कुणी फक्त पेडलं करायचं, कुणी साचे, कुणी नुसता रंग. त्यांतल्याच एका फ्रेमच्या वर्कशॉपात ही गोष्ट घडली असं समजा. माणसांची नावं सांगायची गरज नाही. एक म्हातारा मालक होता, त्याचा नातू होता आणि थर लावणाऱ्या एक मावशी होत्या.

मालकाने धंदा सायकलींपासून सुरू केला नव्हता. जपानच्या टोरे कंपनीने १९७१ साली टी-३०० हा कार्बनचा धागा बाजारात आणला. विमानं बांधणारे तेव्हा अजून अंदाज घेत होते. धागा भराभर उचलला तो गळ टाकणाऱ्यांनी आणि गोल्फ खेळणाऱ्यांनी. मालकाने गळाच्या काठ्या केल्या, मग टेनिसच्या रॅकेटी केल्या. १९८६ साली ग्रेग लेमाँडने कार्बनच्या फ्रेमवर बसून टूर द फ्रान्स जिंकली, आणि त्यानंतर काही वर्षांत रॅकेटींचे साचे कोपऱ्यात गेले, सायकलींचे साचे मधे आले. माणसं मात्र तीच राहिली. मावशी गळाच्या काठ्यांच्या काळापासून तिथे होत्या.

कार्बनची फ्रेम ओतीव नसते, ही गोष्ट सायकल विकत घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. राळ मुरवलेल्या धाग्यांचं पातळ, चिकट कापड शीतपेटीत उणे १८ अंशांवर ठेवलेलं असतं. बाहेर काढलं की राळ हळूहळू पिकायला लागते, म्हणून काम रेंगाळून चालत नाही. त्या कापडाचे काही शे तुकडे कापायचे आणि एका लांबट फुग्याभोवती ठरलेल्या क्रमाने लावायचे. काही तुकड्यांतले धागे नळीच्या लांबीला धरून, म्हणजे नळी वाकत नाही. काही ४५ अंशांत तिरपे, म्हणजे ती पिळवटत नाही. थोडे आडवे, म्हणजे ती चेपत नाही. मग सगळं पोलादी साच्यात घालून फुगा फुगवायचा आणि भट्टीत भाजायचं. एखादा थर दुमडला, एक सुरकुती आत राहिली, तर बाहेरून रंग कितीही सुंदर लागो, फ्रेम तिथेच दगा देणार. हे सगळं हातांनी होतं, आणि त्या वर्कशॉपातले सगळ्यांत भरवशाचे हात मावशींचे होते.

नातू ताइनानच्या विद्यापीठातून पदार्थशास्त्र शिकून आला. हुशार होता, कष्टाळू होता, आणि आजोबांचं काम पुढे न्यायची त्याला मनापासून ओढ होती. त्याने पहिल्या आठवड्यात भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात वर्कशॉपात येणाऱ्या धाग्यांची माहिती होती.

तो तक्ता वाचण्यासारखा होता. टी मालिकेतल्या धाग्यांचा आकडा चढतो तशी त्यांची ताकद वाढते, म्हणजे तुटेपर्यंत ते किती ओढ सोसतात ती. टी-७००ची ताकद ४९०० मेगापास्कल, टी-८००ची साडेपाच हजारांच्या आसपास. एम मालिकेतला आकडा वेगळीच गोष्ट सांगतो. तो ताठपणाचा आकडा आहे, म्हणजे ओढ लागली तरी धागा किती कमी ताणला जातो त्याचा. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल. टी-७००चा २३०, टी-८००चा २९४, एम-४०चा ३७७ आणि एम-६०चा ५८८. पोलादाच्या जवळजवळ तिप्पट ताठ, आणि वजन पोलादाच्या चौथ्या हिश्शाचं! तरुण इंजिनियरचे डोळे त्या आकड्यावर खिळले तर त्यात नवल नाही.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात एक लहानसा आकडा होता, आणि लहान असल्यामुळेच तो कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. तुटण्याआधी धागा किती लांबतो त्याचा तो आकडा. मीटरभर टी-७०० ओढला तर तो २१ मिलिमीटर लांबतो आणि मग तुटतो. एम-४० बारा मिलिमीटर लांबतो. एम-६० सात. कारण धागा ज्या तापात घडतो त्यात आहे. साधा कार्बन धागा हजार ते दीड हजार अंशांच्या भट्टीतून निघतो. ताठ धाग्याला त्यापुढे दोन हजारांच्या वरच्या तापातून जावं लागतं. त्या तापात कार्बनचे पापुद्रे धाग्याच्या लांबीला धरून अधिकाधिक नीट रांगेत येतात. रांग जितकी सरळ, तितका धागा ताठ, आणि तितकीच सवड कमी. दाबाच्या बाजूने तर तो आणखी हळवा असतो. राळेत बसवल्यावर टी-७०० जेवढा दाब झेलतो, त्याच्या जेमतेम निम्मा एम-६० झेलतो. असे धागे उपग्रहांच्या सांगाड्यांत वापरतात आणि तिथे ते शोभतात. उन्हा-सावलीत मिलिमीटरच्या अंशानेही न हलणं हेच तिथलं काम, आणि अंतराळात कुणी उपग्रह भिंतीला टेकवून चहा प्यायला जात नाही.

एक दिवस युरोपातून एक ग्राहक आला. त्याची कंपनी शर्यतीच्या सायकली विकत असे आणि तिचा स्वतःचा एक संघही होता. त्याला आठशे ग्रॅमच्या आतली फ्रेम हवी होती.

“आणि फ्रेमवर एकच नाव हवं,” तो म्हणाला. “सगळ्यांत वरच्या ग्रेडचं. दुकानात माणूस तेच विचारतो.”

मालकाने नातवाकडे पाहिलं. नातवाने होकार दिला.

इथे त्या मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने डोळे झाकून सगळीकडे एम-६० लावला नाही. चाचण्यांचे नियम त्याने पाठ केले होते. पेडल मारण्याचा जोर लाख वेळा आलटून पालटून द्यायची चाचणी असते. साडेबावीस किलोचं वजन पुढच्या बाजूवर पाडायची चाचणी असते. जिथे वजन आदळणार तिथे, म्हणजे हँडलखालच्या नळीपाशी, त्याने टी-८०० घातला. पेडलच्या आसाभोवती आणि खालच्या जाड दांड्यात ताठ धागा घातला, आणि ते बरोबरच होतं. सायकलस्वाराचा सगळा जोर तिथून मागच्या चाकाकडे जातो, तिथे फ्रेम लवली तर पायाची मेहनत वाया जाते. उरला वरचा दांडा. आपल्याकडे ज्याच्यावर लहान पोराला पुढे बसवून बाप गावभर हिंडायचा, तोच. तिथे कुठल्याच चाचणीत मोठा भार येत नाही. नातवाने तिथे एम-६० घेतला आणि नळीची भिंत मिलिमीटरहून पातळ केली.

मावशींनी थरांची वही उघडली, वरच्या दांड्याच्या पानावर थांबल्या.

“इथे बाहेरून सातशेचे दोन थर दे,” त्या म्हणाल्या.

“मावशी, सातशेने ताठपणा निम्म्याहून कमी होतो. तेवढाच ताठपणा आणायचा तर थर वाढतील, वजन वाढेल.”

“वाढू दे.”

“का पण?”

मावशींना ‘का’ सांगता येईना. आयुष्यभर बोटांनी शिकलेली गोष्ट त्यांच्या तोंडात आकड्यांच्या रूपात येत नव्हती, आणि समोरच्या भिंतीवर तर आकड्यांचा तक्ता होता. अशा वेळी ज्याच्याकडे आकडे असतात तो जिंकतो. हे केवळ ताइवानात होतं असं नाही. आपल्याकडच्या कारखान्यांतही अनुभवी हातांचं म्हणणं असंच कागदापाशी येऊन अडतं, आणि त्यात नुकसान कागदाचंही होतं. कारण त्या हातांना जे कळलंय ते मोजायची पद्धत शोधणं हे शिकलेल्या माणसाचंच काम असतं.

मावशींनी वहीत लिहिलं होतं तसे थर लावले, एकही सुरकुती न ठेवता.

फ्रेम ७८० ग्रॅम भरली. पेडलच्या आसाला बाजूने दाब देऊन पाहिला, आधीच्या कुठल्याही फ्रेमपेक्षा ती कमी सरकली. लाख आवर्तनं पुरी झाली, तडा नाही. वजन पाडलं, टिकली. वर्कशॉपात आनंद झाला. रंगवाल्याने कौतुकाने तिला करंगळीवर तोलून धरलं.

मालक बोलला नाही. त्याने फ्रेमला फोर्क, हँडल, चाकं लावून सायकल पुरी करायला सांगितली. मग ती बाहेर नेऊन वर्कशॉपाच्या भिंतीला टेकवली आणि पुढच्या चाकाला पायाने हलकेच ढकललं. सायकल घसरली, हँडल गर्रकन वळलं आणि त्याचं वाकडं टोक वरच्या दांड्याच्या कुशीवर आदळून सगळं जमिनीवर आलं.

“आजोबा!” नातू ओरडला.

“उचल.”

ही चाचणी कुठल्या पुस्तकात नव्हती, मालकाची स्वतःची होती. इतक्या वर्षांत दुरुस्तीसाठी परत आलेल्या फ्रेमी त्याने पाहिल्या होत्या. शर्यतीत मोडलेल्या त्यांत थोड्या असत. भिंतीला टेकवलेली पडली, मोटारीच्या टपावर कुणी फार आवळून बांधली, विमानाच्या सामानात काहीतरी वर आलं, अशाच जास्त.

नातवाने दांड्यावर बोट फिरवलं. रंगावर पुसटसा ओरखडा होता, बाकी काही नाही. त्याच्या जिवात जीव आला.

मावशींनी खिशातून दहा डॉलरचं नाणं काढलं आणि दांड्यावर टोकापासून ठोकत आल्या. टक्, टक्, टक्, टक्. ओरखड्यापाशी आवाज बदलला. टणक ‘टक्’ जाऊन बद्द ‘ठप’ आला. चार बोटं पुढे गेल्यावर पुन्हा टक्. नातवाने नाणं हातात घेतलं, स्वतः ठोकून पाहिलं. मग पुन्हा.

“कापूया,” तोच म्हणाला.

त्या फ्रेमीवर किती दिवस आणि किती पैसा खर्च झाला होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तरीही करवत त्याने स्वतः धरली. दांडा आडवा कापला तेव्हा आतलं दिसलं. बाहेरचा थर जिथल्या तिथे, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले, आणि आतल्या अंगाला धाग्यांची एक बारीक ओळ तुटलेली. अशा दांड्यावर माणूस आणखी महिनाभर सायकल चालवू शकला असता. कदाचित दोन महिने. मग घाटातल्या एखाद्या उतारावर, खड्डा चुकवताना, दांड्याने काही न सांगता साथ सोडली असती. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, पोलाद वाकतं, दोन्ही आधी इशारा देतात. पातळ आणि ताठ कार्बन बऱ्याचदा तो देत नाही. हलक्या फ्रेमीची हौस असणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी कापलेल्या नळीत पाहावं असं मला वाटतं.

नातू बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन बसला. मग म्हणाला, “मावशी, सातशे तुम्ही का म्हणाला होतात?”

आता प्रश्न भांडणाचा नव्हता, तेव्हा मावशींना उत्तर सापडलं.

“गळाच्या काठ्या करायचो तेव्हा एका वर्षी ताठ धागा आला. आम्ही सगळी काठी त्याची केली. हातात घेतली की पिसासारखी. गळ लांब जायचा. पण मोठा मासा लागला की शेंड्याला तुटायची. मग मालकांनी बुंध्याला ताठ धागा ठेवला आणि शेंड्याला साधा. बुंध्याने ओढायचं असतं, शेंड्याने सोसायचं. दांड्याला कोण ओढतंय? त्याला तर नुसतंच सोसायचं आहे.”

नातवाने तक्त्यातला शेवटचा रकाना पुन्हा पाहिला. सात, बारा, एकोणीस, एकवीस. मावशी जे बोटांनी सांगत होत्या ते तिथे छापलेलं होतं, आणि ते त्यानेच आपल्या हाताने लिहून काढलं होतं. पण तक्ता लावताना त्याने धाग्यांची एकच रांग लावली होती, पहिला कोण आणि शेवटचा कोण. फ्रेमीत अशी रांग नसते. सहाशेच्या जवळ जाणारा ताठपणा जिथे ओढ आहे तिथे सोन्यासारखा, आणि जिथे अवचित मार बसणार तिथे घातक. आणि ज्या टी-७००ला तो शेवटच्या नंबरावर ठेवत होता, तो मार पोटात घेऊन तुटायच्या आधी एम-६०च्या तिप्पट लांबतो.

दुसरी फ्रेम दोघांनी मिळून मांडली. नातू भाराचं गणित करी, मावशी तुकडा ठेवून पाहत, कुठे वळणावर धागा उचलला जातो ते दाखवत. त्याला गणितात न दिसलेल्या गोष्टी तिथे दिसल्या. ताठ धागा लहान वळणावर नीट बसतच नाही, त्याचे तंतू मुडपतात, म्हणजे जोडाच्या जागी महाग धागा घालून ताकद उलट घटते. मावशींनाही काही नवं कळलं. खालच्या दांड्याचा घेर थोडा वाढवला की कमी थरांतही तोच ताठपणा मिळतो, हे त्यांनी पहिल्यांदा आकड्यात पाहिलं आणि त्या दोनदा “पुन्हा सांग” म्हणाल्या. वरच्या दांड्याला बाहेरून टी-७००चे दोन थर आले. फ्रेम ८४६ ग्रॅम झाली. भिंतीवरून पाडली, नाण्याने ठोकली, कापून पाहिली. आत थर घट्ट होते.

ग्राहक आला तेव्हा नातवाने दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. ७८०ची फ्रेम सगळ्या चाचण्यांत पास झाली होती, हेही त्याने लपवलं नाही.

ग्राहक म्हणाला, “मला आठशेच्या आत हवी होती. ही पहिलीपेक्षा सहासष्ट ग्रॅम जास्त आहे.”

“तुमच्या संघाची सायकल ७८०च्या फ्रेमीवर केवढ्याची होईल?”

“साडेसहा किलो.”

“यूसीआयचा, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेचा, २०००पासूनचा नियम आहे, ६.८ किलोच्या खालची सायकल शर्यतीत धरत नाहीत. म्हणजे तुमचा मेकॅनिक तीनशे ग्रॅम शिसं कुठेतरी चिकटवणार. त्यातले सहासष्ट ग्रॅम दांड्यात असू द्या.”

ग्राहक समजदार होता. त्याला हे पटलं. संघासाठी ८४६ची फ्रेम घेतो, तो म्हणाला. पण दुकानांसाठी मात्र ७८०चीच हवी. दुकानातला माणूस शर्यतीत उतरत नाही, त्याला ६.८चा नियम लागू नाही. तो फ्रेम तराजूवर ठेवून पाहतो आणि नाव वाचतो.

आतापर्यंत गप्प असलेला मालक तेव्हा बोलला.

“संघातल्या पोरामागे मोटार असते. मोटारीवर दुसरी सायकल असते. रात्री मेकॅनिक प्रत्येक फ्रेम पुसून बघतो. दुकानातून नेणाऱ्याजवळ एकच सायकल. ती तो स्वतःच भिंतीला टेकवणार, ती पडणार, तो ओरखडा पुसणार आणि रविवारी मुलांना टाटा करून डोंगरात जाणार. पातळ दांडा द्यायचाच तर मी तो तुमच्या संघाला देईन. त्याला नाही देणार.”

ग्राहकाने बरंच समजावलं. किंमत वाढवून द्यायची तयारी दाखवली. हे फ्रेमवर छापू, की फ्रेम आपटू नये, असंही सुचवलं. मालक हलला नाही, आणि या वेळी नातू त्याच्या शेजारी उभा होता.

संघाच्या फ्रेमींची ऑर्डर त्यांना मिळाली. दुकानांसाठीची मोठी ऑर्डर, जिच्यावर पुढच्या वर्षीची नवी भट्टी घ्यायचं ठरलं होतं, ती दुसरीकडे गेली. भट्टी जुनीच राहिली. ती तापायला वेळ लागे, म्हणून त्या हिवाळ्यात सगळे तासभर लवकर येत.

नातवाने तक्ता काढला नाही, पण बदलला. धाग्यांची रांग मोडून त्याने मधे फ्रेमीचं चित्र काढलं आणि प्रत्येक नळीपाशी तिला काय सोसायचं आहे ते लिहिलं: ओढ, पीळ, धक्का, मार. कुठला धागा कुठे, हे त्यानंतर. चित्रातल्या वरच्या दांड्यापाशी काय लिहायचं ते त्याने मावशींना विचारून लिहिलं.

संघाच्या फ्रेमींबरोबर जायच्या कागदावर ‘फायबरचं ग्रेड’ असा एकच रकाना होता, एका ओळीचा. नातवाने त्यात ‘मागे पाहा’ असं लिहिलं आणि कागद उलटून सुरुवात केली. पेडलच्या आसाभोवती एम-४० आणि टी-८००, खालच्या दांड्यात एम-६०चे तीन पट्टे लांबीला धरून, हँडलखाली टी-८००, सगळ्या जोडांवर टी-७००, वरच्या दांड्याला बाहेरून टी-७००, दोन थर, ४५ अंशांत. लिहून झाल्यावर त्याने तो कागद मावशींपुढे तपासायला ठेवला. त्यांनी एका जागी बोट ठेवलं. मागच्या बारीक दांड्यांचं लिहायचं राहिलं होतं.